आमवात आणि आम

दुखणं एकाचं असतं, पण किस्से अख्ख्या ऑफिसचे जमतात. नंदाताई सबनीस आमच्या नोएडातल्या एक्स्पोर्ट कंपनीत टायपिस्ट होत्या. टाइपरायटर जाऊन नुकते कॉम्प्युटर आले होते, आणि चौतिसाव्या वर्षी त्यांची बोटं सुजायला लागली. मॅनेजर खन्नांना त्यांना टायपिंगवरून हटवून गोडाउनला पाठवायचं होतं. तिथली ओझी उचलणं म्हणजे नोकरी सोडणंच, आणि घरात पगार त्यांचा एकटीचा!

*

डॉक्टर म्हणाले, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. घरी त्याला आमवात म्हणायचे. तेच त्यांनी ऑफिसात सांगितलं, "मुझे आमवात है."

अकाउंट्सचे अरोरा हळहळले. "तो आम छोड़ दो जी!"

त्या उन्हाळ्यात डब्यांबरोबर दशहरी आंबे कापले, की अरोरा प्लेट लांब सरकवायचे. "मैडम को नहीं!" नंदाताईंनी समजावणं सोडून दिलं. घरी मात्र रोज दोन खायच्या.

*

एकदा अरोरांनी विचारलं, "हड्डियाँ घिस गईं क्या?"

"नहीं भाईसाहब. शरीर की रखवाली करनेवाले ही गलती से जोड़ों पर टूट पड़ते हैं."

"मतलब चौकीदार ही घरवालों को पीट रहा है? बदल दो उसे!"

"बदल नहीं सकते. दवा देकर थोड़ा सुस्त करते हैं."

"कमाल है. हमारी कॉलनी का तो बिना दवा के सोता है!"

*

सकाळी तास-दीड तास त्यांचे सांधे आखडलेले असायचे. नऊला चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायच्या आणि अकरानंतर बोटं कीबोर्डवर पळायची. अरोरा म्हणाले, "सुबह बीमार, दोपहर को फर्स्ट क्लास! यार, ये तो सरकारी बीमारी है!"

मीही हसलो. त्याची आज लाज वाटते.

*

शेवटी खन्नांनी टायपिंगची टेस्ट ठेवली. नंदाताईंनी अकराची वेळ मागितली.

"ऑफिस नौ बजे खुलता है, मैडम."

त्या दिवशी त्या पाचला उठल्या, गरम पाण्यात हात बुडवून बसल्या आणि नऊला हजर झाल्या. खन्नांनी समोरच बसून एक पत्र तोंडी सांगितलं. दुसऱ्याच ओळीत कळलं, की ते नंदाताईंच्याच गोडाउनला होणाऱ्या बदलीचं होतं. त्या थांबल्या नाहीत. एकही चूक न करता त्यांनी पत्र पुरं केलं, प्रिंट काढून टेबलावर ठेवलं.

खन्नांनी पेन उघडलं आणि तसेच बसून राहिले.

नंदाताई म्हणाल्या, "साइन कर दीजिए, सर. आपके हाथ तो ठीक हैं ना?"