जास्त थांबली म्हणून लवकर पोचली

"गाडी येळेवर हाय म्हनता ना साहेब? मग माझी एसटी कावून सुटती रोज?"

परळी स्टेशनात, भर प्लॅटफॉर्मवर, एक नर्सबाई मला झापत होत्या. नोकरी धर्मापुरीच्या दवाखान्यात. आमच्या सकाळच्या पॅसेंजरने परळीला यायचं आणि स्टेशनबाहेर एसटी पकडायची. उशिराबद्दल दोन मेमो झाले होते. तिसऱ्याला नोकरी जाणार होती.

मी रेल्वेच्या टाइमटेबल सेक्शनला होतो. नव्वदीची सुरुवात. ऑफिसात नुकता कॉम्प्युटर आलेला, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. ही पॅसेंजर रोज पंधरा मिनिटं लेट, म्हणून मी परळीची वेळच पंधरा मिनिटं पुढे ढकलली. याला आम्ही मार्जिन म्हणतो, उशीर गिळायला ठेवलेली जादा मिनिटं. रिपोर्टात गाडी राइट टाइम, साहेब खूश. एसटी मात्र जुन्याच वेळेला सुटत होती. बाईंपुढे मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी गार्डच्या डब्यात बसलो. गार्ड शेखमामा, याच भागातले. परळीच्या अलीकडे एक छोटं स्टेशन, थांबा एक मिनिटाचा. सीताफळांचे दिवस. बायका टोपल्या चढवू लागल्या. एक मिनिट झालं, दोन झाली. मामा हिरवी झेंडी काखेत मारून उभे.

"मामा, दाखवा की झेंडी!"

"शेवटली टोपली चढल्याबिगर न्हाई. पिकलेलं फळ हाय साहेब, उन्हात नासतंय. माझ्या आदीच्या गार्डापासून असंच चालत आलंय."

चार मिनिटं लागली. म्हणजे उशीर फक्त तीन मिनिटांचा. पण आमची लाइन एकेरी, समोरून येणारी गाडी स्टेशनातच ओलांडायची. पॅसेंजर रखडली हे पाहून कंट्रोलने, म्हणजे गाड्या कुठे थांबवायच्या-सोडायच्या ते ठरवणाऱ्या ऑफिसने, परळीहून कोळशाची रिकामी मालगाडी आधी सोडली. ती येईपर्यंत पुढच्या स्टेशनात आम्ही बारा मिनिटं ताटकळलो.

"बगितलं?" मामा म्हणाले. "टोपल्यांनी तीन खाल्ली. बारा तुमच्या कागदानं खाल्ली, त्यात थांबा एकच मिनिट लिवलाय."

अरे देवा! मी इतकी वर्षं आकडेच बघत होतो.

"थांबा चार मिनिटांचा?" ऑफिसात माझे साहेब ओरडले. "अहो, गाडी लवकर पोचवायचीय ना?"

"म्हणूनच, सर. मार्जिनची पंधरा मिनिटं काढतो, त्यातली तीन मिनिटं टोपल्यांना देतो. परळीला बारा मिनिटं आधी, एसटी सुटायच्या आत. कंट्रोलला आधीच ठाऊक असलं की मालगाडी परळीतच थांबेल."

"फसलं तर तुमच्या नावावर."

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी मी पुन्हा मामांशेजारी. चौथ्या मिनिटाला शेवटची टोपली चढली, झेंडी हलली. पुढच्या स्टेशनात सिग्नल आधीच पडलेला, म्हणजे वाट मोकळी. परळीत शिरलो, तर ती लांबलचक मालगाडी आमच्यासाठी गुमान उभी! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. टोपल्यांना दिलेल्या तीन मिनिटांनी एवढं लोखंड जागच्या जागी थोपवून धरलं होतं.

बाई पळतच बाहेर गेल्या. एसटी उभी होती. पायरीवरून त्यांनी हात केला, "घावली, साहेब, घावली!"

तिसरा मेमो आलाच नाही. पुढे कुठलंही टाइमटेबल करताना मी आधी त्या गाडीच्या गार्डला विचारायचो, "झेंडी खरी कधी दाखवता?" कॉम्प्युटर सुरू करायचो ते त्यानंतर.