चिरडलेल्या पेशी

कामात मला कोणी टोकलं की माझा पारा चढतो. वीस वर्षं लॅबमध्ये काचेच्या स्लाइडवर पेशी पसरवतेय, आता मला कोण शिकवणार? म्हणून त्या दिवशी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान न उचलता "ही कोणी पसरवली?" असं विचारलं, तेव्हा मी ठसक्यातच म्हणाले, "मीच. काऊन?"

स्लाइड नाचणगावच्या एका निवृत्त मास्तरांची होती. फुप्फुसातल्या गाठीतून सुईनं काढलेल्या पेशी. कॅन्सर होताच, प्रश्न होता कोणत्या जातीचा. लहान पेशींचा निघाला तर बहुतेक नुसती औषधं. दुसरा असला तर गाठ वेळेत सापडली होती, कापून काढता आली असती. काचेवर तर बारीक, काळ्या, ओढल्यासारख्या पेशी दिसत होत्या. लहान पेशींचाच, असं कोणीही म्हटलं असतं.

"दोन काचांमध्ये जोरात दाबल्यात, म्हणून चिरडल्या," मॅडम म्हणाल्या. "यावर मी सही करणार नाही. सुई पुन्हा घालावी लागेल."

माझं तोंड एवढंसं झालं. घाई होती, हात जड पडला होता. आता वॉर्डात माझी शोभा होणार, असं वाटलं. पण मॅडम स्वतः मास्तरांच्या खाटेपाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, चूक आमची झाली. पुन्हा सुई टोचून घ्याल?" माझ्याच्यानं राहवलं नाही. "मॅडमची नाई, चूक माही आहे," मी बोलून गेले.

मास्तरांची बायको उखडली. "माणसाच्या जिवाचा खेळ आहे का तुमाले?" खरंच होतं तिचं. मास्तरांनी तिला हातानंच गप्प केलं आणि सुईला हो म्हणाले.

या खेपेला मॅडम मायक्रोस्कोप घेऊन, जिथं सुई घालतात त्या सीटीच्या खोलीतच बसल्या. काच मात्र माझ्याच हाती दिली. काय बाई आहे! मी नसती दिली. काच काचेवर नुसती ठेवली, हलकेच ओढली, लगेच स्पिरिटमध्ये सोडली. मॅडमनी तिथंच तपासली: पेशी अख्ख्या होत्या.

पुढच्या तपासण्या होऊन रिपोर्टवर सही झाली. लहान पेशी नव्हत्या. मॅडमनी तो मलाच वॉर्डात न्यायला लावला.

"ऑपरेशन करता येते," मी म्हणाले. मास्तरांच्या बायकोनं कागद हातात घेतला. मग म्हणाली, "अन् त्या डॉक्टरबाईनं पयल्याच काचेवर सही करून टाकली असती तं?"

आम्ही दोघीही रडलो.