शिक्काआत्याचं पाकीट

शिक्काआत्या पोस्टात गेली की श्वास रोखून धरायची. मास्तरांनी शिक्का शाईला लावला की हिच्या कपाळाला आठ्या! "हळू वो मास्तर! चित्राच्या अंगावर जाऊ नका. निम्मा तिकिटावर, निम्मा कागदावर!" ठप्प झालं की आधी तारीख वाचायची, मग गावाचं नाव, आणि मगच श्वास सोडायची. शेजारी उभं राहून माझाही जीव उगाच खालीवर व्हायचा.

ही माझी सख्खी आत्या, निरवांगीची. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, हिने डाळिंबाची बाग केली. हा छंद कुठून लागला देव जाणे. साध्या पांढऱ्या पाकिटाच्या डाव्या अंगाला रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायची, तिकीट लावायची आणि आम्हालाच पाठवायची. घरात काही घडलं की त्याच दिवशी पाकीट पोस्टात. माझ्या लग्नात वऱ्हाड खोळंबलंय आणि ही बया पोस्टाच्या दारात! शिक्का त्याच तारखेचा हवा ना! पाकीट आतून रिकामंच असायचं. "आत काय लिव्हायचं? समदं वरच हाय की," म्हणायची.

पाकीट पोचेपर्यंत तिला चैन नसे. बारामतीला मला रोज फोन. "आलं का रं? भिजलं न्हाय ना? शिक्का दिसतुया ना?"

मी वैतागायचो. "आत्या, मोबाइलवर फोटो टाक की सरळ!"

"फोटुला कुठं शिक्का असतुया? शिक्का पडल्याबिगर गेलं म्हनायचं न्हाय."

गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बारामतीला निघताना तिने गाडी पोस्टापाशी थांबवायला लावली. मास्तरांच्या जागी नवीन मुलगी आली होती आणि तिला शिक्क्याच्या कपाटाचं कुलूप निघेना. डॉक्टरांची वेळ टळत होती. शेवटी पाकीट त्या मुलीच्या हातात देऊन आम्ही निघालो. शिक्का पडताना आत्याने पाहिला नाही, असं पहिल्यांदाच झालं. ती वाटभर मागे वळून बघत होती.

दवाखान्यात तिला ऑपरेशनपेक्षा पाकिटाचीच धास्ती. मी घरी जाऊन दारातल्या पेटीत पुन्हा पुन्हा हात घालत होतो. पेटी रिकामी. 'आलं' म्हणून खोटं सांगावंसं वाटलं, पण शिक्का कसा पडलाय हे ती विचारणारच. स्ट्रेचरवरूनही तेच, "आलं का रं?"

"नाही गं अजून."

"यील. मी बी यीन," म्हणाली आणि आत गेली. ती परत आली नाही.

दहाव्याला आम्ही निरवांगीत होतो. पोस्टातली ती मुलगी दारात आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पाकीट.

"चित्र लय भारी हाय वो. त्यावर काळा शिक्का कसा मारू, असं झालं मला. टपालात चुरगळंल बी वाटलं. तुमी गावाकडं आला की हातात द्यावं म्हणून जपून ठिवलं."

चिडावं की रडावं, कळेना. पाकिटावर एसटी होती. पाटीवर 'निरवांगी'. खिडकीत डोक्यावर पदर घेतलेली आत्या, चांगली हसत. आणि वर कोपऱ्यात तिकीट कोरंच्या कोरं.

मुलीचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं. आता मारून आणू का शिक्का?"

मी पाकीट छातीशी घट्ट धरलं.

"नको गं बाई," म्हणालो. "अजिबात नको."