एकसष्ट नंबर

"आधी ह्याला मारूया, मग पोरास्नी न्हेऊया."

सहलीचा विषय निघाला की आमचे विज्ञानाचे सर हे म्हणायचे आणि बगलेतल्या पोराच्या पाठीत एक दणका घालायचे. घाबरू नका, पोरगं खरं नव्हतं. उसाच्या पाचटाचं होतं. आठवीच्या मापाचा शाळेचा पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्याच्या जागी जुन्या पंच्याचं गाठोडं. वर्गात पोरं साठ, म्हणून ह्याचा हजेरी नंबर एकसष्ट.

तुमच्याकडं सहल कशी ठरते? बस ठरते, डबा ठरतो, पालकांच्या सह्या येतात, झालं. आमच्याकडं तसं नव्हतं. सहलीच्या तीन-चार दिवस आधी सर एकसष्ट नंबरला घेऊन त्या जागेवर जायचे आणि पोरगं जिथं जिथं मरू शकेल तिथं तिथं त्याला मारून बघायचे. धरणाच्या कठड्यावरून ढकलायचे. चालत्या बसच्या मागच्या दारातून फेकायचे. विहिरीत सोडायचे आणि बुडायला किती वेळ लागतो ते बघत बसायचे.

माझं काम टायपिंगचं. मी नवीन, गणिताची, स्टाफमध्ये वय सगळ्यात कमी आणि बोटं सगळ्यात फास्ट. सर बोलायचे आणि मी तिथंच लॅपटॉप बडवायची.

"टाइप कर मॅडम. ठिकाण धरण. एकसष्ट नंबर कठड्यावरनं पडून मेला. येळ तीन आकडे."

आकडे ते डाव्या हातावर मोजायचे. त्या हाताला बोटं तीनच होती. दोन लहानपणी गुऱ्हाळात गेली, घाण्यात ऊस सारताना. त्यामुळं तीनच्या पुढं मोजायचं झालं की ते परत अंगठ्यापासून सुरू करायचे.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रिपोर्ट वाचून कपाळाला हात लावायच्या. "अहो सर, मेला काय मेला? 'नुकसान झाले' असं लिहा की."

"बाई, नुकसान कपबशीचं हुतंय. पोरगं मरतंय."

माणूस मऊ नव्हताच. चिडले की डस्टर भिंतीवर असं हाणायचे की प्रयोगशाळेच्या भिंतीला खड्डे पडलेले. टेबलावर हात आपटला की परीक्षानळ्या स्टँडमध्ये नाचायच्या. पण पोरांवर त्यांनी कधी हात उचलला नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्यास्नी मारायला नद्या हायत, बसगाड्या हायत, घाणं हायत. त्यात मी आन् कशाला?"

आणि एक सांगते. प्रत्येक पाहणीनंतर ते स्वतः बसून एकसष्ट नंबरला परत भरायचे. तुटलेलं बटण लावायचे, कॉलर नीट करायचे. सहलीच्या दिवशी बसमध्ये खिडकीची सीट त्याची. पोरं भांडायची, पण त्या सीटवर कुणी बसायचं नाही.

तर यंदा आठवीची सहल गुऱ्हाळावर ठरली, शिरोळकडं. रस उकळताना त्यात भेंडीचा चिकट रस टाकला की मळी कशी वर येते, पाणी उडून गूळ कसा होतो, हे सगळं पोरांना डोळ्यांनी दिसणार होतं. गुऱ्हाळ आमच्या संस्थेच्या एका संचालकांचं. बुधवारी आम्ही पाहणीला गेलो. सर, मी आणि एकसष्ट नंबर.

मालकांनी हसत स्वागत केलं. "या सर, या मॅडम. काकवी घ्या. आणि हे काय, बुजगावणं आणलंय?"

"आठवीतला हाय," सर म्हणाले. "जरा दंगेखोर हाय."

घाणा चालू होता. एक कामगार लोखंडी रुळांमध्ये ऊस सारत होता. रुळांच्या पुढं काही म्हणजे काही आडवं नव्हतं. सरांनी एकसष्ट नंबरला तिथं उभं केलं, म्हणाले, "समजा, ह्येला ऊस सारायची हौस आली," आणि त्याची बाही पुढं केली.

घाण्यानं कफ धरला. मग कोपर, मग खांदा. मान आली तेव्हा घाणा क्षणभर अडला, कण्हला, आणि गाठोडं फाटून पाचट सगळ्यांच्या अंगावर उडालं. घाणा बंद करायचं बटण पलीकडच्या शेडमध्ये, रस उकळायच्या काहिलीच्या मागं. कामगार धावत जाऊन बंद करेपर्यंत सरांचा हात मोजत होता. चौदा आकडे. पलीकडून चिपाडांबरोबर शर्ट बाहेर आला, रसानं चिकट, कागदासारखा चपटा. तो कामगार तिथंच खाली बसला.

"जाळी बसवा," सर म्हणाले. "आन् बटण हितं, हाताजवळ आणा. न्हायतर सहल रद्द."

मालक हसले. "वीस वरसं घाणा चालतोय सर. तुमची दोन बोटं गेली म्हणून अख्ख्या गावाची जात्यात व्हय? पोरास्नी भेकड करू नका."

सरांनी उजव्या हातानं हाणली. त्या हाताला बोटं पाच. मालक चिपाडांच्या ढिगात जाऊन पडले.

पुढचं भराभर झालं. गुऱ्हाळातले चौघेजण ऊस घेऊन आले. पाठीवर ऊस मोडला की दुसरा घ्यायचे. सर हात वर करून उभे. डोक्यातून रक्त आलं तशी मी मध्ये घुसून लॅपटॉप त्यांच्या डोक्यावर धरला. एक ऊस त्याच्यावर बसला आणि स्क्रीन आडवी तडकली. मग मालकच ओरडले, "बास करा रे. मरंल ते."

गुरुवारी मोठ्या बाईंच्या ऑफिसात मालकांचा गाल सुजलेला आणि सरांच्या डोक्याला पट्टी.

"राजीनामा पायजे," मालक म्हणाले.

"देतो की. आधी जाळी."

"राजीनामा द्या, उद्या जाळी बसती. बटण पण येतंय हाताजवळ."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. सर माझ्याकडं वळले. "टाइप कर मॅडम."

तडकलेल्या स्क्रीनवर एकेक अक्षर शोधत मी टाइप करत होते. इतकी स्लो मी आयुष्यात कधी नव्हते. शेवटी विचारलं, "कारण काय टाकू सर?"

"टाक. एकसष्ट नंबर घाण्यात मेला."

मी मोठ्या बाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता 'नुकसान झाले' करायला लावणार. त्या म्हणाल्या, "राहू दे तसंच."

शनिवारी सहल गेली. सर नाहीत, एकसष्ट नंबरही नाही, तरी खिडकीच्या सीटवर कुणी बसलं नाही. गुऱ्हाळात रुळांपुढं नवी जाळी होती, हिरव्या रंगाची. बटण खांबावर, सहज हात पोचेल असं. मालक लांब उभे होते. मी फक्कीची रेघ मारून पोरांना मागं उभं केलं आणि मळीकडं बोट दाखवायला जरा वळले, तेवढ्यात एक पोरगी रेघ ओलांडून गेली आणि तिनं हात पुढं केला. हात जाळीवर जाऊन थांबला.

"बाई, रंग ओला हाय," ती हसत म्हणाली आणि हात मला दाखवला. पाचही बोटं हिरवी.

मी त्या हाताचा फोटो काढून सरांना पाठवला. लगेच उत्तर आलं. "बाकीची एकोणसाठ?"

मी पोरांना बसमध्ये बसवलं, दोनदा मोजलं आणि पाठवलं, "सगळी हायत, सर."

चार महिने झाले. त्या मेसेजवर अजून एकच खूण आहे, पोचल्याची दुसरी आलेली नाही.