वेड्या बाभळीचा खुंट

तणनाशकाचा वास आला की अमिरातीतल्या अल ऐनचं, मी सांभाळायचे ते खजुराचं फार्म आठवतं. तिथली वेडी बाभूळ खजुरांचं पाणी पीत होती, म्हणून मी ती तोडायला लावली. करवत फार्मवर काम करणाऱ्या रत्नागिरीच्या चाचांच्या हातात होती. बुंधा तुटताना एक फांदी उसळून सपकन त्यांच्या तोंडावर बसली आणि बोटभर काटा डोळ्यात घुसला. दाढीतून रक्त गळत असताना ते ओरडले, "मॅडम, आधी खुंटाला औषध लावा! सुकला की औषध आत जात नाही. परत फुटेल, मग बसा बोंबलत!" मी खुंट नीट माखला, मगच गाडी काढली. डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का केलात?" डोळा गेला. घरी मी सांगते, चाचाच तसं म्हणाले. पण ते ओरडायच्या आधीच मी तणनाशकाचा डबा उचलला होता.