दसऱ्यानंतर कॉफीची मशीन बंद पडली

नागपूरच्या धंतोलीत मी पहिल्यांदा आली थे कामाले नाही, पेशंटसोबत. पेशंट म्हणजे माझा मालक. पारशिवनीकडच्या आमच्या खेड्यातून त्याले जीपमध्ये आडवं टाकून आणलं होतं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. सतरा दिवस मी दवाखान्याच्या जिन्याखाली झोपली, चार वर्षांची पोरगी छातीशी घेऊन. अठराव्या दिवशी तो गेला. गावी सगळं आटोपल्यावर दीर म्हणे, "वहिनी, राहा, खा, कोण नाही म्हणते." पण ज्या तऱ्हेनं म्हणे, त्यात जेवण कमी अन् ताट वाजवणं जास्त होतं. मंग मी पोरीले घेतलं अन् मले नागपुरातली जी एकच गल्ली माहीत होती, तिथं परत आली. त्याच दवाखान्याचा जिना पुसायले लागली, ज्याच्याखाली झोपली होती.

रडली नाही असं नाही. पण कामाच्या टायमाले नाही.

हे सांगायचं कारण का मंग तीस-पस्तीस वर्षं माझं सगळं धंतोलीतच झालं. शेवटचा दवाखाना हा, लहान लेकरायचा. मॅडम लेकरं तपासतात. मी सकाळी फरशी पुसायची, लेकरायनं केलेली घाण काढायची, औजारं उकळवायची, अन् मागच्या छोट्या पँट्रीत गॅसवर चहा मांडायची. पोरीचं लग्न यातूनच केलं. ती अमरावतीले, सासू-सासऱ्यायच्या घरात. मले म्हणते, आई ये. पण जावयाच्या घरी दोन दिवसांची पाहुणी बरी, तिसऱ्या दिवशी भांडे आपसूकच जोरात वाजतात. म्हणून माझी खोली अन् माझं काम, हे दोन सुटू नये, एवढंच माझं होतं.

मागच्या वर्षी मॅडमच्या पोरानं बंगलोरहून कॉफीची मशीन पाठवली. एकावेळी एकच कप काढते. छोटी डबी टाकायची, झाकण लावायचं, बटन दाबायचं. अन् मॅडम आत पेशंट पाहून राह्यल्या तरी मोबाईलवरून दाबू शकत. इकडं कॉफी पडे. पहिल्या दिवशी त्यायनं आतून दाबलं अन् इकडं कपच ठेवला नव्हता. सगळी कॉफी ट्रेमध्ये. काउंटरवरची पोरगी हसून हसून बेजार.

"मावशी, मशीन हुशार आहे, पण कप तुम्हालेच ठेवा लागते."

मी म्हटलं, "असीच हुशार होती माझी सासू."

पण त्याच आठवड्यात मॅनेजर साहेब, मॅडमचे नात्यातलेच, मॅडमच्या दाराशी बोलताना मी ऐकलं. म्हणे, मावशीचे गुडघे गेले आता, चहाही राहिला नाही, साफसफाई एजन्सीले देऊन टाकू. मॅडम म्हणाल्या, "मशीन शिकू द्या मावशीला. शिकल्या तर राहतील." दाराच्या मागं मी पोछा पिळत उभी. तवाच समजलं का आता ही मशीन म्हणजे माझी नोकरी.

शिकली. मी तिसरी अर्धी शिकली आहे. मराठी अक्षर जुळवून वाचता येते, इंग्रजी नाही. म्हणून काउंटरवरच्या पोरीनं मले रंगानं शिकवलं. जरीपटक्याहून येते ती, सिटी बसनं, तोंडाले ओढणी बांधून. तिनं सांगतलं, पांढरा लाईट म्हणजे तयार. निळा फिरून राह्यला म्हणजे वायफाय शोधून राह्यली. नारंगी म्हणजे पाणी नाही नाहीतर आत क्षार बसले. लाल म्हणजे बिघाड.

निळा पहिले आला. रोज सकाळी निळा, फिरतच राहे. चार दिवसानं पोरीनं इचारलं, "मावशी, जाताना तुम्ही भिंतीवरचं बटन बंद करता का?"

"करतो तं. सगळेच करतो."

माझ्या खोलीत एकदा वायर जळाली होती, गादी अर्धी गेली होती. तवापासून घराबाहेर पाय ठेवायच्या आधी बटन बंद. पोरगी म्हणे, ही मशीन दवाखाना बंद झाल्यावर नेटवरून काही नवीन उतरवून घेते, शिकते. म्हणजे मी रोज तिची शाळाच बंद करून जाऊन राह्यली होती. त्या एका बटनाले पोरीनं चिकटपट्टी लावली, का माझा हात जाऊ नये. तरी जायचाच.

मंग नारंगी आला. टाकीत पाणी होतं तरी नारंगी. झाकण काढून पाह्यलं तं टाकीच्या तळाशी पांढरी खपली, आमच्या बोअरच्या पाण्यानं किटलीत धरते तशीच. मशीन परदेशी असो का देशी, पाणी तं इथलंच पिऊन राह्यली होती. किटलीले मी लिंबाचं सत टाकून उकळवतो. पोरीनं मोबाईलवर पाह्यलं, म्हणे चालते, पण कोमट पाण्यात घोळून, अन् मंग दोन-तीनदा साधं पाणी काढायचं. तसं केलं. पहिल्या खेपेले नळीतून दुधासारखं पाणी आलं. मंग पांढरा लाईट. त्या दिवसापासून फिल्टरचंच पाणी. मॅनेजर साहेबायनं पाह्यलं अन् काही बोलले नाही. त्यायचं न बोलणं मले चांगलं लागलं.

मंग दसरा आला.

आमच्या घरी दसऱ्याले वखर, विळे, कुऱ्हाड धुऊन मांडायचे. कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या. जात्याले तं आत, तोंडात लावायचं, काहून का दाणा तिथूनच जाते. ज्यानं पोट भरते त्याचे हात धरायचे एक दिवस. दवाखान्यातही मी दरवर्षी करतो. वजनकाटा, बीपीची मशीन, औजारं उकळवायचं भांडं. मॅडम स्वतः येऊन झेंडूचं फूल ठेवतात. यंदा मी कॉफीच्या मशीनलेही बसवलं. तिनंच तं ठेवलं होतं मले कामावर. वरून ओलं कुंकू लावलं, फूल ठेवलं. मंग झाकण उघडून जिथं डबी बसते तिथं आतही बोट लावलं अन् दोन अक्षता. जात्यासारखंच. झाकण लावून टाकलं. कोणी पाह्यलं नाही, पाहायसारखं काही होतंही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं आतून दाबलं. लाल लाईट. डबी बदलली. लाल. माझ्या हातानं दाबलं. लाल.

मॅनेजर साहेब आले, मशीनकडं पाहून म्हणे, "काल कोणी काय केलं?"

पोरगी खरं बोलली. "सर, संध्याकाळी मशीननं मोबाईलवर विचारलं, अपडेट करायचं का, मी यस दाबलं."

"कोणाले विचारून?"

"सर, नेहमीच दाबते."

"झालं मंग! मेकॅनिक उद्या सकाळी येऊन राह्यला. थो सांगेल काय जळालं थे."

त्यायनं पोरीले धरलं होतं, पण डोळे माझ्यावरही फिरले. म्हणे, "अन् मावशी, नाहीच दुरुस्त झाली तं गॅसचा जमाना आता परत नाही आणत मी. दिवाळीपासून एजन्सीवाल्यायले सांगून देतो."

पोरीनं जेवायच्या सुट्टीत मोबाईल काढला. बिघाड झाला तं काय काय करायचं, याची यादी होती त्यात. ती वाचे, मी करे. पाणी भर. भरलं. टाकी नीट बसव. बसवली. बटन बंद करून दहा मिनिटं थांब. माझ्यासारखीले हे सोपं होतं. थांबलो दोघी. तिनं डब्यातली पोळी-भाजी अर्धी मले दिली. परत लावलं. लाल. लिंबाचं सत. लाल. मोबाईलमधून मशीन काढून परत जोडली. निळा फिरला, मंग लाल.

"लिहिलंय, कॅप्सूल ओळखू येत नाही," ती म्हणे.

"डबी तं थेच आहे, कालचीच."

"तेच ना मावशी. माझ्याच अपडेटनं काही गेलं असेल." तिच्या घरी बाप अंथरुणावर आहे, थे मले माहीत होतं. तेवढ्यात घंटी वाजली, ती काउंटरवर गेली.

मी एकटी पँट्रीत. डब्या बाहेर काढून टोपलीत टाकून राह्यली होती. एक डबी हातात घेतली तं तिच्या काठाले लाल लागलं होतं. काठावर अशा बारीक काळ्या रेघा असतात, त्याच्यावर. बोटानं पुसलं. कुंकू.

मी बसून गेली स्टुलावर.

मंग झाकण उघडलं. माझे डोळे कमजोर, मोबाईलचा टॉर्च लावला. डबी बसते तिथं बाजूले एक काचेचा ठिपका आहे, मसुराच्या दाण्याएवढा. मले वाटे बटनच आहे. त्याच्यावर माझं बोट उमटलं होतं, कुंकवाचं, सुकून घट्ट झालेलं. एक अक्षता डबीले भोक पाडणाऱ्या सुईजवळ अडकलेली. मशीनचा डोळाच झाकला होता मी. त्या रेघा थी तिथूनच वाचत असावी, नाहीतर डबीवर रेघा काढायची काय गरज होती कोणाले.

अक्षता काढली. मऊ फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळलं अन् करंगळीनं हळूहळू पुसलं, लेकराच्या डोळ्यातला चिपड काढतो तसं. फडकं लाल झालं. दुसऱ्या कोपऱ्यानं कोरडं केलं. डबी टाकली, दाबलं.

पांढरा. अन् कॉफी पडायले लागली.

मले कोणी पाह्यलं नव्हतं. फडकं धुतलं असतं अन् म्हटलं असतं, झाली बाप्पा सुरू, तं कोणी इचारलं नसतं. माझी नोकरी तिथंच राहती. हे मी थोडा वेळ मनात धरलं. खोटं काहून सांगू, धरलं. पण भिंतीपलीकडून मॅनेजर साहेबायचा आवाज येऊन राह्यला होता.

"परवानगी नसताना मशीनला हात लावायचाच कशाला? मेकॅनिकनं लिहून दिलं ना, तर एक तारखेपासून येऊ नको. स्पष्ट सांगतो."



मी एका हातात कप घेतला, दुसऱ्या हातात थे फडकं, अन् बाहेर गेली. दोन-तीन आया लेकरं घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्यायच्यासमोरच बोलावं लागलं.

"साहेब, पोरीले सोडा. मशीन माझ्या हातानं बंद पडली होती. सुरूही झाली आता."

त्यायनं कपाकडं पाह्यलं, मंग फडक्याकडं. "हे काय? रक्त?"

"कुंकू."

"कुंकू कशाचं?"

"दसऱ्याची पूजा केली ना काल."

"मशीनची?"

"वजनकाट्याची करतो, बीपीच्या मशीनची करतो. तुमच्या गाडीले तुम्ही हार घालता. हिचीच काहून नाही करायची?"

"अवं मावशी, पण मी इंजिनात कुंकू नाही टाकत!"

बाकावरची एक आई फसकन हसली. पोरगीही, नाक पुसत पुसत.

"थे बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "तिथं माझं चुकलं."

त्यायनं कप घेतला नाही. सरळ मॅडमच्या खोलीत गेले. मी उभीच राह्यली. आत काय बोलले थे ऐकू नाही आलं. पोरगी हळूच म्हणे, "मावशी, काहून सांगतलं वं तुम्ही?" मी तिले म्हटलं, नाक पूस, पेशंट पाहून राह्यले.

हातातलं लेकरू तपासून झाल्यावर मॅडमनं बोलावलं.

"कुंकू आत लावलंत?"

"हो मॅडम."

"कोणी बघितलं होतं?"

"नाही."

"मग सांगितलं कशाला?"

"पोरीची नोकरी जाऊन राह्यली होती."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. मॅनेजर साहेब खिडकीकडं पाहत. मंग मॅडम त्यायले म्हणाल्या, "मेकॅनिकला नको म्हणून सांगा. मुलीला काही बोलायचं नाही." अन् माझ्याकडं पाहून, "फरशी आता तुमच्यानं होत नाही मावशी, ते मलाही दिसतं. दिवाळीपासून ते काम एजन्सीची बाई करेल. तुम्ही सकाळी या, दुपारपर्यंत. औजारं आणि मशीन तुमच्याकडे. जमेल?"

पूर्ण दिवस गेला होता, अर्धा राह्यला होता. पगारही अर्धा होणार, थे न सांगता समजलं. मी हिशेब नाही केला तिथं. "जमते," म्हटलं.

घरी गेल्यावर माझ्या पोरीले फोन लावला, सगळं सांगतलं. ती अमरावतीहून ओरडली, "आई, आता तरी ये वं इकडं. अर्ध्या कामासाठी कायले थांबून राह्यली तू तिथं?"

"खोली आहे ना इथं."

"खोली काय, खोली!"

"सकाळी आठची ड्युटी आहे," मी म्हटलं, "ठेव आता. लवकर उठा लागते."