बावीस रायफली आणि एक सही

ती घटना आठवली की आधी आठवतो टेलिफोनवरचा एक आवाज. जिल्ह्याच्या शस्त्रागारातला कारकून पलीकडून अगदी थंडपणे विचारत होता, "साहेब, पंचनाम्याखालची सही वाचून दाखवू का?" नोकरीत मी नको नको ते पाहिलं. पण त्या एका वाक्याइतकं काहीच जिव्हारी लागलं नाही. मात्र हे मधूनच सांगून उपयोग नाही. मूर्खपणा क्रमानं सांगितला तरच त्याची गोडी कळते.

मी घाटावरचा माणूस. फौजदार होईपर्यंत समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालेलं, आणि माझी पहिली नेमणूक झाली दापोलीकडच्या किनाऱ्यावर. त्या सुमारास शस्त्रागारात संस्थानी काळापासून पडून असलेल्या बावीस जुन्या लष्करी रायफली नष्ट करायचा हुकूम निघाला. पद्धत ठरलेली होती. नळी कापायची, बोल्ट मोडायचा, मग पंचांसमक्ष खोल समुद्रात सोडायच्या. काम माझ्याकडे आलं. नवा आहे, शिकेल, असं वरिष्ठ म्हणाले.

ठाण्यात हॅकसॉ एकच. पहिल्या नळीवर ओरखडा उठला आणि पातं तुटलं. बुरोंडीच्या बंदरात होडी तयार होती आणि भरतीची वेळ टळत चालली म्हणून तांडेल घाई करत होता. मी विचार केला, समुद्रात बुडवायच्याच आहेत तर आधी कापायच्या कशाला? मढ्याला औषध पाजण्यातला प्रकार. हा विचार मला तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

होडी बंदराबाहेर पडली आणि दुपारी दोन वाट्या ओरपलेलं सुरमईचं कालवण आल्या वाटेनं परत निघालं. मी होडीच्या कडेला लोंबकळत हातानंच खूण केली, टाका इथंच. तांडेल म्हणाला, "सायेब, हितं आमी जाळी टाकतो. अजून भायेर जावया." त्याच्याशी वाद घालायला तोंड रिकामं नव्हतं. पुन्हा खूण केली. बावीस रायफली पाण्यात गेल्या. किनाऱ्यावर लिंबू चोखत मी पंचनामा लिहिला: 'निकामी करून, खोल समुद्रात, पुन्हा कोणाच्याही हाती लागणार नाहीत अशा रीतीने.' अक्षर माझं फार सुरेख. पंचांनी न वाचता सह्या केल्या, आणि खाली मी झोकदार सही केली.

पाच-सहा वर्षं गेली. बदल्या होत होत मी त्याच जिल्ह्यातल्या पालीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रमुख झालो. शिमग्याचे दिवस होते. मुंबईचे चाकरमानी गावोगाव आले होते आणि त्यांच्याबरोबर वर्षभर साठवलेली भांडणंही. अशातच एक गिरणी कामगार ठाण्यात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या माळ्यावर बंदुका हायत. रांगच हाय."

त्या भागात ठासणीची बंदूक म्हणजे अपूर्वाईची वस्तू नव्हे. डुकरं भात खातात म्हणून परवाने असतात, निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात. तसंच काही असेल म्हणून मी त्याला उडवून लावणार होतो. पण तो म्हणाला, ठासणीच्या नव्हेत, पलटणीतल्या आहेत. कळलं कसं, असं विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. दोघांच्या हद्दीवर फणसाचं झाड होतं. हा मुंबईहून येऊन बघतो तर त्याच्या बाजूची जाडजूड फांदी गायब. जाब विचारायला म्हाताऱ्याच्या घरात शिरला, फांदी शोधत माळ्यावर चढला, आणि फांदी दिसली. बंदुकीचा दस्ता होऊन बसलेली.

"माज्या फणसाची बंदूक झाली, सायेब," असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, आमचे जमादार आणि चार शिपाई घेऊन मी छापा घातला. म्हातारा सैन्यातून निवृत्त झालेला आर्मरर होता. आर्मरर म्हणजे पलटणीतल्या रायफली दुरुस्त करणारा माणूस. गाव त्याला आबा म्हणायचं. सारवलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी काचेत दोन पदकं. मी दरडावून माळा दाखवायला सांगितलं. आबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि ते काढून वर यायला सांगितलं. आवाजात असं काही होतं की मी मुकाट्यानं बूट काढले. झडतीला अनवाणी गेलेला जिल्ह्यातला मी पहिलाच फौजदार असेन.

वर चढलो आणि उभा राहिलो तो राहिलोच. लाकडी घोडीवर नऊ रायफली ओळीनं निजवलेल्या. प्रत्येकीला तेलात भिजवलेल्या धोतराचं पांघरूण, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्यावर नंबर, जात, घडवल्याचं साल, सापडली तेव्हाची अवस्था आणि तिच्यावर काय काय केलं ते. मार्टिनी होत्या, जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या. सगळ्या माझ्या आजोबांपेक्षा वयानं मोठ्या आणि माझ्या शिपायांच्या बंदुकांपेक्षा स्वच्छ.

मी हुरळलो. ठाण्यात येताच वायरलेसवर संदेश सोडला: मोठा शस्त्रसाठा हस्तगत, आरोपी ताब्यात. उत्तर आलं की एस.पी. साहेब स्वतः चार वाजता येत आहेत. मी घरून ठेवणीतला युनिफॉर्म मागवला. एका वार्ताहरालाही चहाला यायचा निरोप धाडला. आता शस्त्रं आली कुठून एवढंच चार वाजायच्या आत कबूल करून घ्यायचं होतं.

आबांना समोर बाकावर बसवलं. चौकशीत माझी एक हातोटी होती. आरोपीला चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. शांतता सहन न होऊन माणूस बोलू लागतो. आबांनी चहा घेतला आणि तेही गप्प बसले. अर्ध्या तासानं शांतता मलाच सहन होईना. ते बोलले ते फक्त शिपायाशी. तो रायफली भिंतीला उभ्या टेकवत होता. आबा म्हणाले, आडव्या ठेव रे बाळा, भिंतीला ओल आहे.

मी टेबलावर हात आपटून विचारलं, कुठून आणल्या?

"समुद्रानं दिल्या," ते म्हणाले.

म्हातारा माझी थट्टा करतो आहे असं वाटून मी खूप बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. त्या माणसाच्या नातवंडांनी हे वाचलं तर मला मान वर करता येणार नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतली वही पुढे सरकवली. पेन्शनीत आल्यावर ते काही वर्षं किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होते. जाळ्यात काही लोखंड आलं की कोळी ते त्यांच्याकडे आणून टाकायचे. एक दिवस गंजाचा ओंडका आला. आबांनी ओळखलं, ही रायफल आहे. तीन वर्षांत अशा नऊ आल्या. एस.टी.च्या टपावरून, बांबूंच्या मोळीत बांधून, त्यांनी त्या गावी आणल्या. त्या रस्त्यावर एक चेकनाकाही होता. कोणाचा, ते विचारू नका.

वहीत पुढचं सगळं होतं. मीठ निघावं म्हणून प्रत्येक रायफल गावच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाहत्या गोड्या पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवलेली. मग रॉकेल. मग काथ्यानं घासणं. मग उंडीचं तेल, जे कोळी होड्यांना लावतात. कुजलेल्या दस्त्यांच्या जागी नवे दस्ते, आणि शेवटच्या एकासाठी तो फणस. मी वही भराभर उलटली. मला हवा होता तस्कर, आणि वहीत नुसती शुश्रूषा लिहिलेली.

तेवढ्यात ठाणे अंमलदार म्हणाला, नंबर आहेत तर शस्त्रागाराला विचारून बघू. मी मोठ्या तोऱ्यात फोन लावायला सांगितला. कारकुनानं नंबर घेतले, दहा मिनिटांनी फोनवर आला आणि म्हणाला की या रायफली अस्तित्वातच नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वी निकामी करून खोल समुद्रात बुडवल्या, पंचनामा आहे.

मी गरजलो, पंचनामा कोणी केला? कोण हा गाढव अधिकारी?

तेव्हा तो म्हणाला, सही वाचून दाखवू का? आणि त्यानं माझंच नाव वाचून दाखवलं. हुद्द्यासकट.

फोन ठेवला तेव्हा अडीच वाजले होते. मी हात धुवायच्या निमित्तानं मागे गेलो आणि नळ सोडून नुसता उभा राहिलो. खोटा पंचनामा म्हणजे नोकरी गेली. आमचे जमादार मुरलेले होते. त्यांना सगळं न सांगता कळलं. ते मागून आले, कागदात गुंडाळलेली कानस माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "नंबर घासले का नव्या जल्माच्या झाल्या, सायेब. फोनवर आकडे चुकीचे ऐकले म्हनायचं. कुटून आल्या ते कोण सांगनार?"

अर्थ उघड होता. नंबर घासले की माझा पंचनामा सुटणार. आणि नंबर घासलेल्या नऊ रायफली ज्याच्या माळ्यावर सापडल्या तो माणूस सरळसरळ चोरटा शस्त्रव्यापारी ठरणार. वही आणि चिठ्ठ्या गहाळ होणं तर ठाण्यात सर्वांत सोपं काम. म्हातारा तुरुंगात जाणार आणि मी बढतीवर.

मी ती कानस परत दिली नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. ती घेऊन मी आत आलो, पहिली रायफल टेबलावर घेतली. कानस नंबरावर टेकवली.

आबा बाकावरून उठले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, मला काय ते कलम लावा. नंबरला हात लावू नका. नंबर गेला की ती कुणाचीच राहत नाही."

मी म्हणालो, "आबा, हे नंबर राहिले तर माझी नोकरी जाते. त्या पाण्यात मी टाकल्या होत्या."

आता हा माणूस हसेल, नाहीतर शिव्या देईल, असं मला वाटलं. ते ताडकन उभे राहिले. डोळे लहान पोरासारखे झालेले.

"तुम्ही? मग बाकीच्या किती होत्या? त्यांचे नंबर मिळतील?"

तुरुंगाच्या दारात उभा असलेला माणूस मला उरलेल्या तेरा रायफलींची ख्यालीखुशाली विचारत होता. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी टेबलावरची रायफल घेतली, बोल्ट उघडला आणि आत बघायला सांगितलं. नळीच्या तोंडापाशी आत काळपट काहीतरी घट्ट भरलेलं होतं.

"जाळ्याचं शिसं," ते म्हणाले. "वितळवून ओतलंय, नऊच्या नऊत. फायरिंग पिना काढून खाडीत टाकल्या. पोरांच्या हाती चालती रायफल लागू नये. हुकूम तसाच असणार ना, निकामी करायचा?"

हुकूम तसाच होता. तो मला मिळाला होता, आणि न मिळता पाळला होता त्यांनी. मी कानस खाली ठेवली. आवाज झाला तेव्हा जमादार दारातून दुसरीकडे बघू लागले.

चार वाजता एस.पी. साहेब आले. मी ठेवणीतल्या युनिफॉर्ममध्ये सॅल्यूट ठोकला आणि शस्त्रसाठ्याच्या आधी स्वतःचा कबुलीजबाब दिला. सुरमईच्या कालवणासकट. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की संतापले होते हे मला कधीच कळलं नाही, कारण वळले तेव्हा चेहरा दगडासारखा होता. माझी विभागीय चौकशी झाली, नोकरी वाचली, बढती कित्येक वर्षं लांबली. वार्ताहर चहा पिऊन गेला. त्याला सांगितलं, शिमग्याचा बंदोबस्त शांततेत पार पडला.

आबांवरचा खटला उभा राहिला, पण तज्ज्ञाचा अहवाल आला की या नळ्यांतून काहीही उडू शकत नाही. वहीनं बाकीचं काम केलं. कोर्टानं त्यांना सोडलं. रायफली मात्र सरकारच्याच होत्या आणि मूळ हुकूम तसाच उभा होता. एस.पी. साहेबांनी एका संग्रहालयाला लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही. मग माझ्या नावानं कागद आला: आधीचा हुकूम पुरा करावा.

पुन्हा बुरोंडी, पुन्हा तोच तांडेल. "या खेपेला पोटात काय घालून आलाव, सायेब?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पेज. आबांना मी स्वतः जाऊन बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं. आले. आदल्या दिवशी ठाण्यात बसून त्यांनी नऊही रायफलींना तेलाचा शेवटचा हात दिला होता. बुडवायच्या वस्तूला तेल कशाला, असं एक शिपाई म्हणाला. आबांनी पुढची रायफल मांडीवर घेतली.

किनारा दिसेनासा होईपर्यंत गेलो. मी ओकलो, पण योग्य खोलीवर. तांडेलानं शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजली. आबा एकेक रायफल उचलत, नंबर मोठ्यानं वाचत आणि दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवत. फेकली एकही नाही. नववी गेल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग पसरला आणि मोडला.

लोक विचारतात, त्या प्रकरणानं काय शिकवलं. मी टाळलेलं काम नाहीसं होत नाही, ते कोणीतरी पुरं करतं. माझं पुरं केलं त्याच माणसानं, ज्याला मी बेड्या घालायला निघालो होतो. आरोपी निर्लज्ज आहे की नुसता निर्भय, हे चेहऱ्यावरून ओळखता येतं असं मी पुढे नव्या पोरांना कधीच शिकवलं नाही. मला ते ओळखता आलं नव्हतं.

परतताना आबांनी वही काढली. उरलेल्या तेरांचे नंबर मी त्यांना आधीच आणून दिले होते. आता पान भरलं होतं, बावीसच्या बावीस. नऊ नंबरांपुढे त्यांनी तांडेलाला विचारून दिशा लिहिली, दोरीची खोली लिहिली, आणि वही माझ्यापुढे धरली.

"सही करा, साहेब."

होडी हलत होती. मी वही गुडघ्यावर टेकवली, लिहिलेलं सगळं पहिल्यापासून वाचलं, खोलीचा आकडा तांडेलाकडून पुन्हा खरा करून घेतला, आणि मग सही केली.